दप्तरावरची तारीख

१० सप्टेंबर २०२४ रोजी युरोपीय न्यायालयाने ॲपलच्या प्रकरणी दिलेल्या अंतिम निकालाचे मथळे वाचकांनी पाहिलेच असतील. तेरा अब्ज युरोंचा कर व त्यावरील व्याज आयर्लंडच्या तिजोरीत जाणार, आणि जो कर आपल्याला येणेच नाही असे त्या देशाचे सरकार आठ वर्षे न्यायासनासमोर निकराने सांगत होते तोच त्याला स्वीकारावा लागणार, ही वार्ता विलक्षण होती यात शंका नाही. मला मात्र या प्रकरणात त्या रकमेहूनही अधिक उद्बोधक वाटतात ती काही जुनी टिपणे.

ॲपलच्या आयर्लंडमधील शाखेचा करपात्र नफा कसा मोजावा हे आयरिश महसूल खात्याने १९९१ मध्ये एका निर्णयाने ठरवून दिले. त्या निर्णयापूर्वी ॲपलचे करसल्लागार व आयरिश महसूल अधिकारी यांच्यात ज्या बैठका झाल्या, त्यांची ही टिपणे पुढे युरोपीय आयोगाच्या हाती आली. शाखेचा हा नफा तिच्या खर्चाच्या ६५ टक्के धरावा, आणि खर्च ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यास वरच्या भागावर २० टक्केच धरावा, अशी तजवीज होती. पण या ६५ च्या आकड्याला शास्त्रीय आधार काही नाही ही सल्लागाराची कबुली त्याच टिपणांत नोंदलेली असून, कॉर्क परिसरात कंपनी किती लोकांना रोजगार देते याचाही उल्लेख तेथे आहे. शाखेतील माणसे कोणते काम करतात, जोखीम कोणाच्या शिरावर आहे आणि तशाच स्वरूपाचे काम करणाऱ्या परक्या कंपनीला किती नफा सुटला असता, याचे विवेचन करणारा अहवाल त्या वेळी सादरच झाला नव्हता. तरीही तो निर्णय, २००७ मध्ये बदल होऊन, २०१४ पर्यंत चालला. आणि आयोगाच्या हिशेबाप्रमाणे त्या शेवटच्या वर्षी कराचा प्रत्यक्ष दर ०.००५ टक्के इतका खाली आला होता. चौकशी सुरू झाल्यावर आयर्लंड व ॲपल या दोघांनीही तज्ज्ञांकडून अहवाल करवून घेतले. निर्णयाची कारणे निर्णयानंतर दोन तपांनी लिहिली गेली, आणि माझ्या मते सारा अनर्थ येथेच आहे.

अशी कारणे वेळीच लिहायला लावणारा ट्रान्सफर प्रायसिंगचा, म्हणजे एकाच समूहातील कंपन्यांनी आपापसांतील व्यवहारांची किंमत परक्यांशी व्यवहार केल्यासारखी धरावी असे सांगणारा, कायदा आयर्लंडने केला तो २०१० मध्ये, आणि तो लागू झाला २०११ पासून. त्यातही १ जुलै २०१० पूर्वीच्या करारांना अभय होते, ते २०१९ च्या वित्त कायद्याने काढून घेतले. ज्या समूहाची एकत्रित वार्षिक उलाढाल २५ कोटी युरो वा अधिक, त्याला मास्टर फाइल, म्हणजे साऱ्या समूहाच्या व्यवसायाचे दप्तर, ठेवावे लागते. ज्याची ५ कोटी युरो वा अधिक, त्याला लोकल फाइल, म्हणजे तेथील कंपनीच्या व्यवहारांचे दप्तर. हे दस्तऐवज विवरणपत्राबरोबर जोडावे लागत नाहीत. परंतु विवरणपत्राच्या मुदतीच्या दिवशी ते तयार असले पाहिजेत आणि महसूल खात्याने मागितल्यापासून ३० दिवसांत हजर केले पाहिजेत. ते न दिल्यास लोकल फाइलच्या कक्षेतील कंपनीला २५,००० युरो दंड व पुढे दररोज १०० युरो. डिसेंबरअखेर वर्ष संपणाऱ्या कंपन्यांची ही मुदत पुढील वर्षीच्या २३ सप्टेंबरला असते, आणि डब्लिनच्या सल्लागार कचेऱ्यांत तिची धांदल त्याआधीच सुरू होत असणार.

दंडाचा आकडा ज्यांची उलाढाल अब्जावधींची त्यांना नगण्य आहे. तथापि या नियमाचे खरे बळ त्या तारखेत आहे असे मी मानतो, कारण जे दप्तर प्रश्न उपस्थित होण्यापूर्वी लिहिले जाते त्यात लिहिणाऱ्याला उत्तर कोणते सोयीचे ठरेल हे ठाऊक नसते, आणि म्हणूनच तेथे नोंदलेल्या कारणाला पुराव्याचे मोल येते. आधीच काळजीपूर्वक केलेल्या दस्तऐवजामुळे पुढे किंमत चुकीची ठरली तरी निष्काळजीपणाच्या दंडापासून कंपनीला संरक्षण मिळते, ही त्या कायद्यातील तरतूदही याच न्यायाने सयुक्तिक आहे.

कागद म्हणजे सत्य नव्हे, हेही तितकेच खरे. तुलनेच्या कंपन्या निवडताना दोन-चार गाळल्या वा घेतल्या की नफ्याची टक्केवारी कशी सरकते, हे या व्यवसायातील प्रत्येकाला अवगत आहे. ॲपलच्या ज्या ‘मुख्य कचेऱ्यां’कडे नफ्याचा बहुतांश भाग वर्ग झाला तेथे ना कर्मचारी होता ना जागा, अशा ठिकाणी उत्तम बांधलेली फाइलही टिकू नये. शाखांच्या नफ्याची वाटणी आंतरराष्ट्रीय पद्धतीने करण्याचा स्वतंत्र नियम आयर्लंडने केला तो २०२२ पासूनच्या वर्षांसाठी, म्हणजे या वादाचा विषय असलेली वर्षे उलटून गेल्यानंतर.

पुण्या-मुंबईच्या सनदी लेखापालांना हे सारे परिचित आहे. आपल्याकडे २००१ च्या वित्त अधिनियमाने ही पद्धत आणली, आणि संबंधित परदेशी कंपनीशी कितीही लहान व्यवहार असला तरी लेखापालाच्या सहीचा दाखला दरवर्षी दाखल करावा लागतो. तो दाखला पुष्कळदा यांत्रिक होतो ही तक्रार रास्त आहे, पण एका बाबतीत मी आपल्या नियमाच्या बाजूचा आहे: ठरलेल्या तारखेपर्यंत एका जबाबदार त्रयस्थाची सही सरकारदरबारी पोहोचलेली असते, ती मागण्याची वाट पाहावी लागत नाही. आयरिश महसूल खात्यानेही विवरणपत्राबरोबर, फाइल कोणत्या दिवशी पूर्ण झाली एवढे सांगणारा, सहीचा एक कागद घ्यावा. कंपन्यांवर त्याचा भार फारसा पडणार नाही, आणि मागाहून लिहिलेल्या अहवालांना वाव उरणार नाही.