ब्लॉकचेनचा दुसरा स्तर: वेग किती, भरवसा कोणावर?

इथेरियम या ब्लॉकचेनच्या मूळ साखळीवर सेकंदाला मोजकेच व्यवहार होतात. जगभरातले हजारो संगणक प्रत्येक व्यवहार स्वतः तपासतात, म्हणून गती बेताची. गर्दी वाढली की शुल्कही चढते.  या अडचणीवरचा तोडगा म्हणजे दुसरा स्तर: व्यवहार वेगळ्या जाळ्यावर उरकायचे आणि त्यांचा हिशेब मूळ साखळीवर टेकवायचा.

महाराष्ट्रातले अशा वेगळ्या जाळ्याचे ठळक उदाहरण गडचिरोली जिल्ह्यातले आहे. 2022 मध्ये एटापल्ली उपविभागात सुमारे 65,000 जातप्रमाणपत्रांसाठी पॉलिगॉन हे जाळे वापरण्यात आले. नांदेड जिल्ह्यातल्या इस्लापूर-किनवट पट्ट्यातही प्रवेश, शिष्यवृत्ती, नोकरी यांची वाट याच कागदावरून जाते, म्हणून तो प्रयोग इथल्या वाचकांच्याही जिव्हाळ्याचा आहे. अशा पद्धतीत प्रमाणपत्राचा हॅश, म्हणजे गणिती ठसा, साखळीवर नोंदवतात. कागदावरचे एक अक्षर बदलले तरी ठसा वेगळाच येतो आणि बनवाबनवी उघडी पडते.

पॉलिगॉनचा जन्म 2017 मध्ये मुंबईत, मॅटिक या नावाने झाला. त्याचे सुमारे शंभर स्वतंत्र व्हॅलिडेटर, म्हणजे पडताळणी करणारे, आपसांत सहमती करून व्यवहार मंजूर करतात आणि ठरावीक अंतराने सारांश इथेरियमवर पाठवतात. व्यवहारांची संपूर्ण माहिती मात्र तिथे जात नाही. तारण ठेवलेल्या टोकनांचा दोन तृतीयांशांहून अधिक हिस्सा हाती असलेल्यांनी संगनमत केले, तर इथेरियम त्यांना अडवू शकत नाही. म्हणूनच काटेकोर अभ्यासक या जाळ्याला दुसरा स्तर न म्हणता जोडसाखळी म्हणतात, आणि ते योग्यच आहे.

याउलट रोलअप या खऱ्या दुसऱ्या स्तराच्या पद्धतीत व्यवहारांची माहितीच इथेरियमवर ठेवली जाते. आर्बिट्रम, ऑप्टिमिझम ही जाळी व्यवहार खरा धरून चालतात आणि आक्षेपासाठी साधारण सात दिवस ठेवतात. तोवर मूळ साखळीकडे पैसे काढता येत नाहीत. झेडके-सिंकसारखी जाळी गणिती पुरावाच जोडतात, त्यामुळे आक्षेपाची मुदत लागत नाही. मार्च 2024 मधील इथेरियमच्या डेनकन सुधारणेने ही माहिती ठेवणे स्वस्त झाले आणि रोलअपचे शुल्क झपाट्याने उतरले.

तरी रोलअपची एक बाजू लंगडी आहे. व्यवहारांचा क्रम लावणारा सिक्वेन्सर बहुतेक ठिकाणी एकच, तोही चालक संस्थेच्या ताब्यात. 2 जून 2024 रोजी एका चोरीनंतर लिनिया या रोलअप जाळ्याच्या चालकांनी ते काही काळ थांबवले. हेतू ग्राहकांचे पैसे वाचवण्याचा होता. पण एका संस्थेने ठरवले तर सारे जाळे थांबते, हेही त्या दिवशी दिसले. आर्बिट्रमवर सिक्वेन्सरने टाळलेला व्यवहार थेट इथेरियममार्फत घुसवण्याची सोय आहे. ती सर्वत्र हवी.

जातप्रमाणपत्राला सेकंदाला हजारो व्यवहारांची गरज नाही, नोंद पिढ्यान्‌पिढ्या टिकण्याची आहे. अशा कामासाठी मूळ साखळीला घट्ट बांधलेले जाळे निवडणेच शहाणपणाचे. मात्र मूळ नोंदच चुकीची असेल तर कोणतीही साखळी ती ओळखत नाही. ते काम उपविभागीय अधिकारी आणि जात पडताळणी समितीकडेच राहते.