टक्के कशाचे, ते आधी विचारा

वंध्यत्व उपचार केंद्रांच्या जाहिरातींत यशाची टक्केवारी ठळक छापलेली असते. ती कशाची, हे क्वचितच लिहिलेले असते. कुणी चाचणी पॉझिटिव्ह आली की यश मोजते, कुणी सोनोग्राफीत ठोके दिसले की. जोडप्याच्या लेखी यश एकच, बाळ घरी येणे. शिवाय बीजे कमी निघाली किंवा फलनच झाले नाही म्हणून मध्येच थांबलेल्या स्त्रिया हिशेबातून वगळल्या, की आकडा आपोआप फुगतो.

यशात सगळ्यात मोठा वाटा स्त्रीबीजाच्या वयाचा. ब्रिटनच्या नियामक संस्थेच्या 2019 च्या आकडेवारीत, स्वतःची बीजे वापरणाऱ्या पस्तिशीच्या आतल्या स्त्रियांत रोपण केलेल्या दर शंभर गर्भांमागे 32 जन्म होते. त्रेचाळिशीपासून पुढे पाचाहून कमी. वयाबरोबर बीजातल्या गुणसूत्रांच्या विभागणीत चुका वाढतात. म्हणूनच पंचेचाळिशीतल्या स्त्रीने तरुण दात्रीचे बीज घेतले, तर शक्यता मुख्यतः दात्रीच्या वयावर ठरते. एएमएच चाचणी बीजांच्या साठ्याचा अंदाज देते, दर्जाचा नाही. तो आकडा कमी आला म्हणून तिशीतलीने हातपाय गाळू नयेत आणि चांगला आला म्हणून चाळिशीतलीने निर्धास्त राहू नये.

आपल्याकडे जननेंद्रियांचा क्षयही विसरून चालत नाही. खोकला नाही, ताप नाही, आणि आतल्या आत गर्भनलिका बुजतात, गर्भाशयाचे अस्तर खराब होते. बंद नळ्यांना आयव्हीएफने, म्हणजे शरीराबाहेर फलन करून, वळसा घालता येतो. अस्तरच बिघडले असेल तर उत्तम गर्भही रुजणे कठीण. नळीत पाणी साचून ते गर्भाशयात झिरपत असेल, तर यशाची शक्यता निम्म्यावर येऊ शकते. ती नळी आधी काढणे किंवा बंद करणे शहाणपणाचे.

एवढे सगळे तपासायचे, पण सुरुवात नेहमी सुनेपासून! वास्तविक निम्म्याच्या आसपास जोडप्यांत पुरुषाकडेही कारण सापडते, आणि वीर्यतपासणी ही सगळ्यांत सोपी, स्वस्त चाचणी. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. तेव्हा तंबाखू, सिगारेट उपचाराच्या आदल्या आठवड्यात सोडून काही साधत नाही. रोपणानंतर बाईला पलंगावर झोपवून ठेवण्यानेही यश वाढत नाही.

पहिल्याच भेटीत डॉक्टरांना विचारा: माझ्या वयाच्या, माझ्यासारखी अडचण असलेल्या किती जणींनी तुमच्याकडे उपचार सुरू केले आणि त्यांतल्या किती जणी बाळ घेऊन घरी गेल्या? सरळ उत्तर मिळाले नाही, तर पैसे भरण्याआधी दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या.