चिलटाचे सात पट्टे

पिकलेल्या केळ्यांभोवती घोंघावणारं चिलट आपण हाताने हाकलतो. त्याचं सख्खं भावंड, म्हणजे ड्रोसोफिला ही फळमाशी, प्रयोगशाळांत शंभर वर्षांहून अधिक काळ मुक्कामाला आहे. तिचं अंडं जेमतेम अर्धा मिलिमीटर लांब. अंडं घातल्यापासून तीनेक तासांत त्यात सुमारे 6000 केंद्रकं तयार होतात आणि पुढच्या शरीराचे भाग कुठे येणार, याची आखणी बरीचशी उरकलेली असते. ईव्हन-स्किप्ड नावाचं जनुक तेव्हा भ्रूणावर सात आडवे पट्टे उमटवतं. रंगवून पाहिले तर एखाद्या काठापदरासारखे नेटके दिसतात.

हा नेटकेपणा येतो तो मुख्यतः नकारातून. जनुक चालू करणारी प्रथिनं भ्रूणात ऐसपैस पसरलेली असतात. पट्ट्याची कड तासून काढतात ती दमन करणारी प्रथिनं. दुसऱ्या पट्ट्याची पुढची कड जायंट ठरवतं, मागची क्रुपेल. (क्रुपेल म्हणजे जर्मनमध्ये पांगळा. माशीच्या जनुकांची नावं ठेवणाऱ्यांनी हळुवारपणा फारसा दाखवलेला नाही.)

इथे एक पेच आहे. भ्रूणाच्या मध्यभागी क्रुपेल मुबलक असतं आणि तिथे ते दुसरा पट्टा उमटू देत नाही. पण तिसरा पट्टा नेमका त्याच भागात उमटतो! जनुक एकच, केंद्रकही तेच. मग क्रुपेलने ते बंद केलं की नाही?

उत्तर डीएनएवरच्या अंतरात आहे. वेगवेगळ्या पट्ट्यांसाठी डीएनएवर बटणांसारखे वेगळे तुकडे असतात, त्यांना वर्धक म्हणू. दुसऱ्या आणि तिसऱ्या पट्ट्याच्या वर्धकांमध्ये सुमारे 1700 अक्षरांची मोकळी जागा आहे. क्रुपेलचा हात मात्र शंभरेक अक्षरांपर्यंतच पोचतो. दुसऱ्या वर्धकावर बसून ते शेजारच्या चालू करणाऱ्या प्रथिनांना गप्प करतं, तिसऱ्या वर्धकाला त्याची खबरही नसते. 1993 साली मायकेल लेव्हीन यांच्या गटाने ही मधली जागा काढून दोन्ही वर्धक एकमेकांना चिकटवले, तर पट्टे बिघडले. मध्ये दीडशेच्या आसपास अक्षरं पुन्हा घातली आणि ते बरेचसे सावरले.

हात आखूड का? पल्ला ठरतो तो मदतनीसावर. क्रुपेल स्वतः नुसतं जागा धरून बसतं. काम करून घ्यायला ते एक मदतनीस बोलावतं. त्याच्या अंगावर पाचेक अमिनो आम्लांची एक छोटी खूण आहे, तिला सीटीबीपी नावाचं प्रथिन येऊन चिकटतं. खूण बिघडवली की क्रुपेल डीएनएवर बसतं, पण काही बंद करू शकत नाही. गंमत म्हणजे सीटीबीपी पहिल्यांदा सापडलं ते माणसाच्या पेशींत, अॅडिनोव्हायरस या विषाणूच्या एका प्रथिनाचा पाठलाग करताना. माशीतलं त्याचं काम 1998 मध्ये उघड झालं. निर्प्स आणि स्नेल ही आखूड पल्ल्याची प्रथिनंही त्यालाच हाक मारतात.

लांब पल्ल्याचा मदतनीस वेगळाच, त्याचं नाव ग्राउचो. या जनुकात बिघाड झालेल्या एका माशीच्या डोळ्यांवर केसांचे झुपके उगवले आणि कुणाला तरी विनोदी नट ग्राउचो मार्क्सच्या भुवया आठवल्या. हेअरी या दमन करणाऱ्या प्रथिनाच्या अगदी टोकाला चार अमिनो आम्लं असतात, ग्राउचो ती पकडतो. मग तो डीएनए ज्या हिस्टोनांवर गुंडाळलेला असतो, त्यांच्यावरच्या रासायनिक खुणा पुसणारं विकर सोबत आणतो, गुंडाळी आवळते आणि दूरवरचे वर्धकही मुके होतात. क्रुपेल खोलीतला एक दिवा घालवतं, ग्राउचो मेन स्विचच खाली पाडतो.

डॉर्सल नावाच्या प्रथिनाची गोष्ट मला याहून मजेदार वाटते. भ्रूणाच्या पोटाकडे ते ट्विस्ट आणि स्नेल ही जनुकं चालू करतं. त्याच केंद्रकांत झेन या जनुकाजवळ मात्र इतर प्रथिनांच्या साथीने ते ग्राउचोला ओढून आणतं आणि झेन बंद होतं. म्हणजे डॉर्सल चालू करणारं की बंद करणारं, हे शेजारी कोण आहे त्यावर ठरतं.

सीटीबीपी आणि ग्राउचो हे दोन्ही मदतनीस भ्रूणाने स्वतः केलेले नसतात. त्यांची शिदोरी आईने अंड्यातच भरून दिलेली असते आणि ती भ्रूणभर सारखी पसरलेली असते. म्हणून कुठे काय बंद करायचं, हे ठरवतं क्रुपेल किंवा हेअरी. पण आईकडूनच सीटीबीपी कमी आलं, तर क्रुपेल आपल्या जागी हजर असूनही पट्ट्यांच्या कडा फिसकटतात.