कारभारी कोणाचा?

'कारभारी' हा शब्द आम्हां मराठी माणसांच्या तोंडीं इतका रुळला आहे कीं, त्याचा मूळ अर्थ आम्ही सहसा मनांत आणीत नाहीं. पेशव्यांच्या दरबारीं कारभारी होते. खेड्यांतील स्त्री आपल्या पतीसही कारभारीच म्हणते. कारभारी म्हणजे हुकूम चालविणारा, एवढेंच ध्यानांत राहतें. तो हुकूम दुसऱ्याच्या मालमत्तेवर चालतो, हें निसटून जातें. नव्या करारांत ज्या ग्रीक शब्दासाठीं मराठी भाषांतरकारांनीं 'कारभारी' हा शब्द योजिला, त्या 'ओइकोनोमोस'चा अर्थ धन्याच्या घराची व्यवस्था पाहणारा असा आहे. पुष्कळदां असा मनुष्य स्वतः दासच असे. किल्ल्या त्याच्या कमरेला, पण कोठार धन्याचें.

हा भेद विसरला म्हणजे काय होतें, हें आमच्या जिल्ह्यास (१९८१ पर्यंत त्यास कुलाबा म्हणत) कोणी नव्यानें सांगावयास नको. सरकारच्या वतीनें सारा वसूल करून देणारा खोत पुढें गांवाचा धनीच होऊन बसला. चरीच्या कुळांनीं १९३३ पासून १९३९ पर्यंत संप केला, आणि १९४९ च्या कायद्यानें खोती रद्द झाली.

प्रभु येशूनें ह्याच विषयावर एक दाखला दिला आहे. परदेशीं जाणाऱ्या धन्यानें एका दासास पांच तालांत, दुसऱ्यास दोन व तिसऱ्यास एक असें द्रव्य सोंपविलें. पहिल्या दोघांनीं तें दुप्पट केलें. तिसऱ्यानें जमिनींत पुरून ठेविलें. हा दाखला वाचतांना तिसऱ्या दासाची आम्हांस उगाच दया येते; बिचाऱ्याला मिळालेंच किती थोडें! परंतु तालांत हें नाणें नसून वजन होतें, आणि एका तालांतांत सुमारें सहा हजार दिनार येत. एक दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. वर्षाचे तीनशें दिवस कामाचे धरले, तर हा 'थोडा' वांटा म्हणजे वीस वर्षांची कमाई होय! त्यानें चोरी केली नाहीं, उधळपट्टी केली नाहीं. तो भ्याला, एवढेंच. इंग्रजींत अंगच्या गुणास 'टॅलेंट' म्हणतात, तो अर्थ ह्या दाखल्यावरूनच रूढ झाला.

आतां द्रव्य पुरलें तर धन्याचें नुकसान होतें. परंतु गुण पुरला तर शेजाऱ्याचेंही होतें. हें समजण्यास पेणच्या खारेपाटाकडे पाहावें. तेथील भातशेतें भरतीच्या पाण्याच्या पातळीखालीं आहेत. खाडी आणि शेत ह्यांमध्यें केवळ मातीचा बांध. त्यांत ठिकठिकाणीं उघाड्या असतात. ओहोटीस शेतांतील पाणी त्यांतून बाहेर पडतें आणि भरतीस खारें पाणी आंत येऊं नये म्हणून त्या मिटतात. बांधास मोठा शत्रु लागत नाहीं. खेकड्यानें बीळ पाडावें, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाचें पाणी त्यांत शिरावें, आणि बघतां बघतां खांड पडावी. मग खारें पाणी ज्याच्या हद्दींत बीळ होतें त्याच्याच शेतापुरतें थांबत नाहीं. साऱ्या खारींत पसरतें, आणि पावसानें मीठ धुऊन जाईपर्यंत जमीन नापीक होते. म्हणून पूर्वीं शेतकऱ्यांची 'जोळ' असे. बांध सर्वांचा, म्हणून सर्वांनीं मिळून अंगमेहनतीनें तो राखावयाचा, ही ती पद्धत. १९४८ सालीं मुंबई प्रांतांत खारजमिनींसंबंधीं कायदा झाला, पुढें बांधांचा भार सरकारी खात्याकडे गेला आणि जोळ ओसरली. खातें असावें, ह्यांत संशय नाहीं; पण रोज पहांटे बांधावरून चालणारे पाय खात्याजवळ कोठून येणार?

धर्मग्राम ही अशीच एक जोळ आहे, असें आम्हांस वाटतें. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या चवथ्या अध्यायांत कृपादानाचा उल्लेख आहे, तेथें तें ज्यास मिळालें त्यास त्याचा कारभारी म्हटलें आहे, आणि त्याचा उपयोग परस्परांच्या सेवेसाठीं सांगितला आहे. दान घेऊन मोकळें होण्याची सोय तेथें ठेविलेली नाहीं.

आमच्याकडील उत्तम उदाहरण टिळक दांपत्याचें. नारायण वामन टिळक ह्यांचा बाप्तिस्मा १८९५ सालीं झाला. त्यांची कवित्वशक्ति आधींचीच. ती त्यांनीं उपासनेस वाहिली आणि मराठी मंडळ्यांस आपल्या भाषेंत, आपल्या चालींवर गावयास गीतें मिळालीं. पण आमच्या विद्यार्थ्यांनीं लक्ष्मीबाईंकडे अधिक पाहावें. शाळेंत त्या गेल्या नव्हत्या. लिहावयास-वाचावयास लग्नानंतर शिकल्या. १९१९ सालीं टिळक निवर्तले तेव्हां 'ख्रिस्तायन' हें त्यांचें महाकाव्य थोडेच अध्याय होऊन अपुरें राहिलें होतें. तें पुढें रचून लक्ष्मीबाईंनीं पुरें केलें. 'हें माझें काम नव्हे' असें त्या म्हणाल्या असत्या, तर कोणी दोष दिला नसता.

पैशाचा कारभार हा ह्यांतील एक भाग, आणि तो नाजूक भाग. २०१० सालीं पेण अर्बन सहकारी बँकेचे व्यवहार थांबले, तेव्हां सामान्य कुटुंबांच्या ठेवी अडकल्या. आमच्या कित्येक पालकांस त्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाहीं. तेव्हां चर्चच्या पेटीचा हिशेब कोणी मागितला, तर तो अविश्वास मानूं नये. हिशेब नीट लिहून सर्वांपुढें वाचणें हेंही एक कृपादानच आहे, मग तें कितीही रुक्ष दिसो.

पेण आणि रोहा येथील ख्रिस्ती लोक संख्येनें थोडे. शहरांतील मोठ्या धर्मग्रामांत एकानें हात आंखडला तर दुसरे दहा असतात. येथें तसें नाहीं. पेटी वाजविणारा एकटाच असेल आणि तो रुसला, तर रविवारीं गीत सुराविना होतें. उलट, थोडे असल्यानें कोणास काय येतें तें लौकर कळतें. धाटावच्या कारखान्यांत सांधेजोड करणारा गृहस्थ शाळेचीं मोडकीं बांकें जोडूं शकतो. परिचारिका महिन्यांतून एक दुपार वृद्धांच्या घरीं जाऊं शकते. दहावीचा विद्यार्थी सहावीच्या मुलास अपूर्णांक शिकवूं शकतो, आणि शिकवितांना ते त्यास स्वतःसही प्रथमच नीट समजतात. ही सेवा कुंपणाच्या आंतल्यांपुरती असावी असेंही नाहीं. कातकरी वाडीवरील मूल ख्रिस्ती आहे कीं नाहीं हें विचारून अपूर्णांक शिकवावयाचे नसतात.

आरंभास एक साधी वही पुरे. तिच्यांत दोन रकाने असावेत: एकांत 'मला काय येतें', दुसऱ्यांत 'मला काय हवें'. पहिला रकाना मुलें चटकन् भरतील. दुसरा लिहावयास सर्वच लाजतील; कारण देण्यापेक्षां मागणें कठीण, आणि ज्यास कांहीं लागतच नाहीं अशा मनुष्यापाशीं शेजारी आपलेंही मागणें घेऊन जात नाहीं. म्हणून तो रकाना पालकांनीं व शिक्षकांनीं मुलांच्या देखत आधीं भरावा.