कवट्या मोजल्या, वंश सापडला नाही

गैरसमज: गोरे, काळे, पिवळे हे माणसांचे मुळातलेच वेगळे वंश आहेत आणि अक्कलही त्याबरहुकूम वाटलेली आहे.

वस्तुस्थिती: याची थेट तपासणी मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी बर्लिनमध्ये केली. १९२७ साली त्या तिथे शिकायला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर. फिशर यांच्या लिखाणाचा आधार पुढे नाझींनी आपल्या वंशधोरणासाठी घेतला. फिशर यांचा कयास असा, की गोऱ्यांच्या मेंदूचा उजवा पुढचा भाग मोठा, म्हणून ते अधिक तर्कशुद्ध. तेव्हा त्यांच्या कवटीच्या दोन बाजूंत फरकही जास्त असणार. इरावतीबाईंना प्रबंधाचा विषय हाच मिळाला. युरोपीय कवट्या होत्या, आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतींतून आणलेल्याही होत्या. एकेका कवटीची डावी-उजवी मापं त्यांनी घेतली. फरक सगळ्यांतच होता, पण वंशाशी त्याचा काही संबंध लागेना. गुलाम देशातून आलेल्या विद्यार्थिनीने हा निष्कर्ष आपल्याच गुरूच्या हाती ठेवला. त्यांचं ‘युगान्त’ हे पुस्तक घरोघरी पोचलं, पण बाईंचं हे धाडस मुलांना कुणी सांगत नाही, याची खंत वाटते.

गैरसमज: कातडीचा रंग वेगळा म्हणजे रक्तही वेगळं.

वस्तुस्थिती: रंग ठरतो मेलॅनिन या रंगद्रव्यावर, आणि मेलॅनिनचं गणित उन्हाशी जुळलेलं आहे. प्रखर उन्हाच्या प्रदेशात गडद कातडीने शरीराचं रक्षण केलं. ऊन कमी तिथे ड जीवनसत्त्व तयार व्हायला फिकट कातडी सोयीची ठरली. सॉलोमन बेटांवरची माणसं आणि पश्चिम आफ्रिकेतली माणसं दोन्ही काळी, पण जनुकांच्या दृष्टीने एकमेकांपासून खूप लांब. जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७२ मध्ये हिशेब मांडला तेव्हा माणसामाणसांतल्या जनुकीय फरकांपैकी सुमारे ८५ टक्के फरक एकाच समूहाच्या आत सापडले.

गैरसमज: पण काही आजार तर ठरावीक वंशालाच होतात!

वस्तुस्थिती: अमेरिकेत सिकलसेल हा रक्तविकार ‘काळ्यांचा आजार’ समजला जातो. गडचिरोली किंवा नंदुरबारच्या आरोग्यसेविकेला हे सांगून पाहा. आदिवासी पाड्यांवरचं दुखणं म्हणूनच ती सिकलसेल ओळखते. या आजाराचं नातं मलेरियाशी आहे. सिकलसेलचं जनुक आई किंवा बाप, एकाकडूनच आलं तर ते जीवघेण्या मलेरियापासून वाचवतं. दोघांकडून आलं तर आजार होतो. म्हणून मलेरियाने पिढ्यानपिढ्या छळलेल्या मुलखांत ते टिकून राहिलं, मग तो मुलूख आफ्रिकेतला असो, ग्रीसमधला असो की विदर्भातला.

गैरसमज: वंशच खरा नाही, तर वर्णद्वेषाची चर्चा कशाला?

वस्तुस्थिती: खोट्या समजुतीचे घाव मात्र खरे असतात. मूत्रपिंड किती काम करतं हे काढण्याच्या अमेरिकेतल्या सूत्रात रुग्ण कृष्णवर्णीय असेल तर आकडा मुद्दाम वाढवला जाई. कागदावर मूत्रपिंड ठणठणीत दिसे आणि प्रत्यारोपणाच्या यादीत नाव लागायला उशीर होई. २०२१ मध्ये नवं सूत्र आलं, त्यात वंशाचा रकाना नाही. जुन्या सूत्रापायी वाया गेलेला काळ २०२३ पासून हजारो रुग्णांच्या प्रतीक्षेत जमा धरावा लागला. ज्यांचा जीव त्याआधीच गेला, त्यांची भरपाई कोण करणार?

गैरसमज: वर्णद्वेष गोऱ्यांचा, आपल्याकडे फक्त जात.

वस्तुस्थिती: जातीलाही वंशाचा आधार देऊन पाहिला गेला. डॉ. आंबेडकरांनी अस्पृश्यतेच्या उगमावरच्या १९४८ च्या ग्रंथात मानवमितीचीच, म्हणजे शरीराच्या मोजमापांची, आकडेवारी पुढे ठेवून तो खोडून काढला. आणि वर्णद्वेषही आपल्याकडे आहेच. अरुणाचलचा विद्यार्थी निडो तानिया याचा २०१४ मध्ये दिल्लीत मारहाणीनंतर मृत्यू झाला. त्याच्या दिसण्यावरून झालेल्या टिंगलीतून ते भांडण पेटलं होतं. करोनाच्या साथीत ईशान्येकडच्या मुलामुलींना रस्त्यात ‘करोना’ म्हणून हाका मारल्या गेल्या. निडोच्या मृत्यूनंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीने कायद्याबरोबरच शाळा-कॉलेजांत ईशान्य भारताचा इतिहास शिकवण्याची शिफारस केली. आहोम सेनापती लाचित बोरफुकन आणि नागा स्वातंत्र्यसेनानी राणी गाइदिन्ल्यू आपल्या पाठ्यपुस्तकांत किती ओळींत भेटतात, ते शिक्षकांनी मुलांनाच शोधायला लावावं आणि उरलेलं स्वतः सांगावं.