पगारातून कापलेले दोनशे रुपये

महाराष्ट्रातल्या नोकरदाराच्या पगारपत्रकात 'व्यवसाय कर' नावाची एक ओळ असते. दरमहा 200 रुपये, फेब्रुवारीत 300. वर्षाचे 2,500 भरले की राज्यघटनेने घातलेली कमाल मर्यादाही तिथेच संपते. ही रक्कम कशासाठी कापली जाते, असं दहा जणांना विचारलं तर नऊ जण खांदे उडवतील. 1975 साली हा कर आला तो रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करायला. शहरातल्या कमावत्या माणसाने गावातल्या बिनकामाच्या माणसाच्या मजुरीला हातभार लावायचा आणि जितका कर जमेल तितकीच भर सरकारने घालायची, असा तो हिशेब होता.

या योजनेचे जनक वि. स. पागे. विधान परिषदेचे दीर्घकाळ सभापती राहिलेल्या पाग्यांनी आपल्या सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात 1960च्या दशकातच तिचा छोटा प्रयोग करून पाहिला होता. मग 1972चा दुष्काळ आला. खडी फोडणं, पाझर तलाव, नालाबांध आणि दुष्काळी कामांवर वाटली जाणारी सुखडी एका पिढीच्या आठवणीत आजही पक्की आहे. मे 1973मध्ये सुमारे 50 लाख माणसं या कामांवर होती. दुष्काळ सरला की अशी कामं बंद होतात, हा तोवरचा रिवाज होता. महाराष्ट्राने तो मोडला. 1977मध्ये विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला आणि 26 जानेवारी 1979पासून तो अमलात आला. काम मागणं हा ग्रामीण भागातल्या प्रौढ माणसाचा हक्क झाला.

हक्क कागदावर लिहिणं त्या मानाने सोपं. खरी कसोटी कचेऱ्यांची होती. मजुराची नोंद महसूल खात्याकडे, कामाचा आराखडा आणि मोजमाप पाटबंधारे, बांधकाम, कृषी किंवा वन खात्याकडे, तर निधी आणि देखरेख मंत्रालयातल्या नियोजन विभागाकडे. एरवी या खात्यांच्या फायली एकमेकींकडे पाहतही नाहीत. इथे मात्र कायद्याने घड्याळ लावून दिलं होतं. मागणी आल्यापासून 15 दिवसांत काम द्यायचं, नाहीतर बेकारी भत्ता. सुरुवातीला तो दिवसाला फक्त एक रुपया होता. पण भत्ता द्यायचा म्हणजे काम देता आलं नाही, हे सरकारी कागदावर कबूल करायचं. त्यामुळे मंजूर कामांची यादी आधीच तयार ठेवणं भाग पडलं आणि अभियंत्यांना कामाला लावायची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यावर आली. समन्वय समित्यांच्या बैठकांनी जे क्वचितच साधतं, ते इथे अर्जावरच्या तारखेने बऱ्याच अंशी साधलं.

हे काम कोणाकोणाला झेपणार, याचाही विचार झाला होता. स्त्री-पुरुषांना मजुरीचा दर एकच. कामावर पिण्याचं पाणी, सावली, प्रथमोपचार आणि पाळणाघर. बायका मोठ्या संख्येने आल्या, परित्यक्ता आणि विधवाही आल्या, कारण इथे मुकादमाची मर्जी राखावी लागत नव्हती. निदान कायद्याने तरी नाही. पाळणाघर मात्र पुष्कळ ठिकाणी कागदावरच राहिलं आणि तान्ही मुलं झाडाला बांधलेल्या झोळीतच झोपली. मजुरी खोदलेल्या मातीच्या मापावर ठरे. दर समान असला तरी बाळंतपणातून नुकत्याच उठलेल्या बाईच्या हाती कमीच पैसे पडत. या कुचंबणेवर समान दरात उत्तर नव्हतं.

1988 साली मजुरीचे दर जवळपास दुपटीने वाढले. जास्त माणसं येतील, अशी कोणाचीही अपेक्षा. झालं उलटं, हजेरी घटली. गौरव दत्त, मार्टिन रॅव्हलियन आणि शुभम चौधुरी या अर्थतज्ज्ञांनी आकडे तपासले, तेव्हा कामांचं रेशनिंग झाल्याच्या खुणा दिसल्या. हमी कायद्यात होती तशीच राहिली, पण मागेल त्याला काम मिळेनासं झालं. हक्काची योजना अशीही आवळता येते. त्यासाठी विधेयक आणावं लागत नाही, नवं काम उशिरा सुरू केलं की पुरतं.

1990मध्ये याच योजनेला फळबाग लागवड जोडली गेली. लहान शेतकऱ्याने स्वतःच्याच शेतात खड्डे खणायचे, कलमं लावायची आणि मजुरी हमीतून घ्यायची. कोकणातल्या आंबा-काजूच्या बागांना त्यातून मोठं बळ मिळालं. ज्याच्याकडे तुकडाभरही जमीन नाही, त्याच्यासाठी यात फक्त मजुरी होती.

पुढे 2005मध्ये केंद्राने देशभरासाठी ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव समोर होता. पाळणाघराचं कलम तिथे जास्त नेमकं झालं. सहा वर्षांखालची किमान पाच मुलं कामाच्या जागी आली, तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमायची आणि तिला मजुरांइतकीच मजुरी द्यायची. मात्र केंद्राची हमी कुटुंबामागे वर्षाला 100 दिवसांची होती. महाराष्ट्राच्या जुन्या कायद्यात दिवसांची अशी मर्यादा नव्हती, म्हणून 101व्या दिवसापासूनचा खर्च राज्याने स्वतःकडे घेतला.