चिठ्ठी हरवली म्हणून दोनशे रुपये

लग्नसराईतला शनिवार, संध्याकाळचे सात. उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये गजानन मार्केटच्या आसपास माणसालाच पाय ठेवायला जागा नसते, तिथे स्कूटर कुठे लावणार? बदलापूरहून साड्या घ्यायला आलेल्या मायलेकींना एका मोठ्या दुकानाचा रखवालदार हाताने तळघराचा उतार दाखवतो. खाली प्लास्टिकच्या स्टुलावर बसलेला मुलगा वीस रुपये घेतो आणि पावतीपुस्तकातून गुलाबी चिठ्ठी फाडून देतो. दीड तासाने चार पिशव्या सांभाळत दोघी परततात, तर चिठ्ठी सापडत नाही. "चिठ्ठी गुम? दो सौ फाइन लगेगा मॅडम, बोर्ड देख लो." बोर्ड खांबाच्या मागच्या बाजूला आहे आणि त्यावरची अक्षरे औषधाच्या बाटलीवर असतात तेवढी. "दे गं आणि चल, उशीर होतोय," आई म्हणते. लेक पैसे देते. रात्री घरी पर्सच्या अस्तरात चिठ्ठी सापडते!

या मायलेकींच्या जागी कोणालाही ठेवता येईल. कधी चिठ्ठी हरवलेली असते, कधी 'दोन तास झाले' असे सांगतात, कधी दुकानातून काही घेतले नाही म्हणून चाकाला जॅमर लावलेला असतो. प्रसंग वेगळे असले तरी शब्द एकच कानावर पडतो: फाइन. सगळी गोम त्या शब्दात आहे.

दंड करण्याचा अधिकार कायद्याने दिलेला असावा लागतो. वाहतूक पोलीस चलान फाडतात ते मोटार वाहन कायद्याच्या जोरावर. महापालिका दंड घेते तोही कायद्याने किंवा उपविधीने हातात दिलेला अधिकार वापरून. दुकानदाराकडे, मॉलकडे किंवा त्याने नेमलेल्या पार्किंगच्या ठेकेदाराकडे असा कोणताही अधिकार नसतो. गाडी आत घेताना त्याने ग्राहकाशी एक छोटासा करार केलेला असतो, इतकेच. त्या करारातली अट मोडली तर तो भरपाई मागू शकेल. तीही किती, हे भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ मध्ये आहे. करारात आकडा आधीच लिहिलेला असला तरी मिळते ती वाजवी भरपाई, आणि लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा. वीस रुपयांची चिठ्ठी हरवल्याने ठेकेदाराचे दोनशे रुपयांचे नुकसान कसे झाले, हे सांगण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. गाडी तिच्याच मालकिणीची आहे याची खात्री करून घेण्याचा त्याला हक्क आहे. आरसी बुक किंवा मोबाइलमधले डिजिलॉकर दाखवले की ते काम होते.

जॅमरचे प्रकरण याहून गंभीर. चाक अडकवून 'पैसे टाका, मग काढतो' असे म्हणणे म्हणजे वसुलीसाठी गाडी ओलीस धरणे. सार्वजनिक जागेत बेकायदा उभी केलेली गाडी उचलण्याची तरतूद मोटार वाहन कायद्याच्या कलम १२७ मध्ये आहे, पण तो अधिकार गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याला दिलेला आहे, दुकानाच्या रखवालदाराला नाही. माणसालाच वाट अडवून थांबवले, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम १२६ लागू शकते. तेथे आवाज चढवण्यापेक्षा शांतपणे ११२ लावावा. पोलिसांना फोन लागलाय हे दिसल्यावर किल्ली अचानक सापडते, असा अनेकांचा अनुभव आहे.

इंग्लंडात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हे सगळे फार ओळखीचे वाटेल. तिथे कौन्सिलकडून येते ती 'पेनल्टी चार्ज नोटीस' आणि सुपरमार्केटच्या आवारातली खासगी कंपनी पाठवते ती 'पार्किंग चार्ज नोटीस'. दोन्हींचे लघुरूप पीसीएन. कागद दिसायलाही सारखाच, त्यामुळे नवखा माणूस सरकारी दंड समजून मुकाट पैसे भरतो. खासगी जमिनीवर गाडीला जॅमर लावणे इंग्लंड आणि वेल्समध्ये १ ऑक्टोबर २०१२ पासून बंद झाले, नोटिसा मात्र चालू राहिल्या. चेम्सफर्डच्या एका दुकानांच्या आवारात दोन तास मोफत पार्किंग होते. एक ग्राहक जवळपास ५६ मिनिटे जास्त थांबला आणि त्याला ८५ पौंडांची नोटीस आली. खटला थेट तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये कंपनी जिंकली. गाड्या हलत्या राहाव्यात यात कंपनीचे रास्त हित आहे, फलक मोठे आणि स्पष्ट होते, रक्कम अवाजवी नाही, असे न्यायालयाने म्हटले. ग्राहक हरला असला तरी निकालाचा एक धागा आपल्या कामाचा आहे. फलक ठळक असणे हा तिथे कंपनीच्या बाजूचा महत्त्वाचा मुद्दा ठरला. कॅम्प दोनमधला खांबामागचा बोर्ड त्या कसोटीला उतरणे कठीण.

मग मुळात वीस रुपये तरी का द्यायचे, असा प्रश्न कोणीही विचारेल. इथे न्यायालयांचे सूर जुळत नाहीत. गुजरात उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने जुलै २०१९ मध्ये मॉल आणि मल्टिप्लेक्सना पार्किंगचे पैसे घेण्यास मनाई केली. इमारतीला परवानगी मिळवताना पार्किंग दाखवणे सक्तीचे असते, मग त्याच जागेचे पुन्हा भाडे कसे, असा तो विचार. पुणे महापालिकेच्या शहर सुधारणा समितीनेही त्याच वर्षी मॉलमधले पार्किंग मोफत करण्याचा निर्णय घेतला होता. उलट केरळ उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये कोचीच्या एका मोठ्या मॉलच्या प्रकरणात परवाना असेल तर शुल्क घेता येईल असे सांगितले. तेलंगणाने २०१८ मध्ये सरकारी आदेश काढून मधला मार्ग धरला: पहिली ३० मिनिटे मोफत, तासाभरापर्यंत खरेदीचे बिल दाखवले तर मोफत, आणि त्याहून जास्त वेळ झाला तरी बिलाची रक्कम पार्किंग शुल्कापेक्षा जास्त असेल तर मोफत. ग्राहकाच्या दृष्टीने याहून सोपी व्यवस्था सापडणार नाही. महाराष्ट्राने ती उचलायला हरकत नव्हती.

म्हणून उल्हासनगरच्या ग्राहकाने वीस रुपयांच्या शुल्कावर लढाई उभी करण्यात अर्थ नाही. पकडायचे ते वरचे दोनशे रुपये.

तळघराची गोष्ट मात्र शुल्कापाशी संपत नाही. हे गाव मुळात गाड्यांसाठी वसलेलेच नाही. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराची छावणी होती, फाळणीनंतर तिच्या बराकींमध्ये सिंधी निर्वासितांना आणून ठेवले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते 'उल्हासनगर' हे नाव मिळाले. बराकीच्या पडवीत दुकान, दुकानावर मजला, मजल्यावर आणखी मजला असे शहर उभे राहिले. सुमारे १३ चौरस किलोमीटरमध्ये २०११ च्या जनगणनेत पाच लाखांवर माणसे मोजली गेली. ८५५ बेकायदा इमारतींचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात पोहोचला आणि अखेर २००६ मध्ये केवळ या एका शहरासाठी बांधकामे नियमित करण्याचा कायदा विधिमंडळाला करावा लागला. अशा ठिकाणी नकाशात 'पार्किंग' लिहिलेली जागा प्रत्यक्षात गोदाम किंवा दुकान निघाली, तर कोणी फारसे दचकत नाही. ज्याला खोलात जायचे आहे त्याने माहिती अधिकारात महापालिकेकडून इमारतीचा मंजूर नकाशा मागावा. अर्जाला १० रुपये लागतात आणि उत्तर ३० दिवसांत द्यायचे असते. नकाशात ग्राहकांसाठी पार्किंग असेल आणि तिथे कपड्यांचे गठ्ठे असतील, तर मग प्रश्न दोनशे रुपयांचा राहत नाही.

आता त्या मायलेकींनी काय करायचे? दोनशे रुपये रोख न देता यूपीआयने दिले असते तर पैसे कोणाच्या खात्यात गेले हे आपोआप नोंदले गेले असते. पावती मागायचीच. सेवेची पावती न देणे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथेत मोडते. पावतीवर दुकानाचे किंवा ठेकेदाराचे नाव, वेळ, गाडीचा नंबर पाहावा. जीएसटी नंबर नसला म्हणून लगेच लबाडी समजू नये, कारण वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या छोट्या ठेकेदाराला तो घ्यावाच लागतो असे नाही. पैसे देणे भाग पडले तर पावतीवरच 'हरकत नोंदवून पैसे दिले' असे लिहावे आणि बोर्डाचा फोटो, तो खांबही दिसेल असा, काढून ठेवावा.

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या मालकाला पत्र. ठेकेदार नाही, मालक! जागा त्याची, ग्राहक त्याचा, ठेकेदार त्याने नेमलेला. 'तो माणूस आमचा नाही' हे उत्तर येणारच, पण ते गृहीत धरून पत्र स्पीड पोस्टाने धाडावे आणि पंधरा दिवसांची मुदत द्यावी. पुष्कळ दुकानदार इथेच नमते घेतात, कारण साड्यांचे गिऱ्हाईक दोनशे रुपयांसाठी गमावणे कॅम्प दोनच्या व्यापाऱ्याला परवडत नाही. नाहीच ऐकले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. त्यापुढे ठाणे जिल्हा ग्राहक आयोग. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते.

एवढ्याशा रकमेसाठी कोण आयोगात जातो? चंदीगडमध्ये बाटाच्या दुकानाने पिशवीचे तीन रुपये लावले म्हणून एक ग्राहक गेला आणि २०१९ मध्ये जिंकला. त्याला भरपाईपोटी ३,००० रुपये मिळाले. अर्थात घाई असणाऱ्याने मथुरेचेही उदाहरण ध्यानात ठेवावे. १९९९ मध्ये रेल्वेच्या खिडकीवर वीस रुपये जादा घेतल्याबद्दल एका वकिलाने केलेल्या तक्रारीचा निकाल २०२२ मध्ये लागला.

चिठ्ठीच्या मागे छापलेले 'गाडी मालकाच्या जबाबदारीवर' हे वाक्यही वाटते तितके पक्के नाही. दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलात १९९८ मध्ये एका पाहुण्याने किल्ली हॉटेलच्या माणसाकडे सोपवलेली मारुती झेन चोरीला गेली. टोकनवर तसलीच अट होती. नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हॉटेललाच जबाबदार धरले. किल्ली हातात घेतल्यावर आपला निष्काळजीपणा छापील वाक्याने झाकता येत नाही, हा त्याचा मथितार्थ. किल्ली स्वतःच्या खिशात ठेवून स्वतःच गाडी लावली असेल तर बाजू तेवढी भक्कम राहत नाही. म्हणून 'मॅडम, चाबी छोड दो' असे कोणी म्हटले, तर ती किल्ली कोणाच्या हातात दिली त्याचे नाव विचारून घ्यावे.

आणि पुढच्या वेळी गुलाबी चिठ्ठी हातात पडताच, पर्समध्ये टाकण्याआधी, तिचा मोबाइलवर एक फोटो काढावा.